वाडी आणि वादळं

कोकणाबाहेरच्या माणसाला 'वाडी' म्हटलं की घरांची वस्ती आठवते. आमच्याकडे, रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, वाडी म्हणजे घरामागची बाग. पुढे रस्ता, रस्त्याला लागून अंगण, मग घर, घरामागे विहीर आणि विहिरीपासून पार पुळणीपर्यंत गेलेली माड-पोफळींची लांबट पट्टी. माड म्हणजे नारळाचं झाड आणि पोफळ म्हणजे सुपारीचं. पोफळीवर मिरीचा वेल किंवा पानवेल, खाली केळी, मधेमधे जायफळ, कडेला अननस आणि समुद्राच्या अंगाला केवड्याचं दाट बेट. आमची वाडी अठरा गुंठ्यांची. म्हणजे अर्धा एकरही नाही. पण त्या अठरा गुंठ्यांवर तीन पिढ्यांची शिक्षणं आणि लग्नं झाली.

अशा बागेला जुना शब्द आहे आगर. शेजारच्या दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा ताम्रपट मिळाला. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. तेव्हापासून आजपर्यंत या किनाऱ्यावर राज्यं किती आली आणि गेली. शिलाहार गेले, निजामशाही-आदिलशाही गेली, जंजिऱ्याच्या सिद्दीचं संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. पाण्याचे पाट, पोफळींच्या रांगा आणि श्रीवर्धनी रोठा मात्र चालूच राहिला. श्रीवर्धनची सुपारी आतून पांढरी, चवीला मऊ. तिला बाजारात स्वतःचं नाव आहे. कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्रही श्रीवर्धनलाच आहे.

वाडी एकमेकांच्या आधाराने उभी असते हे समजून घेतल्याशिवाय वादळाने काय नेलं ते कळायचं नाही. पोफळीचं खोड हातात मावेल एवढं, आणि उंची मात्र चाळीस-पन्नास फूट. मुळं तंतूंसारखी, वरच्यावर पसरलेली. एकटी पोफळ मोकळ्या रानात लावली तर तिचं काही खरं नाही. ऊन तिला सोसत नाही. नैर्ऋत्येकडचं दुपारचं ऊन थेट खोडावर पडलं की खोड भाजतं, पिवळं पडतं, तडकतं, आणि पुढे तिथेच मोडतं. म्हणून पोफळी दाटीने लावायच्या. एकीने दुसरीला सावली द्यायची, माडांनी सगळ्यांवर छत्री धरायची.

या दाटीचा आणखी एक उपयोग. सुपारी काढणारा गडी एका पोफळीवर चढतो आणि पुन्हा जमिनीवर येतच नाही. शेंड्याला बसून झाड झुलवतो, झोका शेजारच्या झाडापर्यंत गेला की त्याला हात घालतो आणि तिकडे जातो. अशी दहा-पंधरा झाडं तो वरच्यावर करतो. लहानपणी आम्ही खाली उभे राहून मान दुखेपर्यंत ते बघत असू. घोस दोराने खाली येत आणि आजी ओरडे, "पोरांनो, बाजूस व्हा, टाळक्यात पडेल!"

वादळ आम्हाला नवीन होतं असं नाही. पण आमच्या आजोबांच्या बोलण्यात 'तुफान' आलं की ते बहुधा समुद्रावरचं असे. १७ जुलै १९४७ ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. आषाढी अमावास्येच्या तोंडावर घरी सणाला निघालेली माणसं ती. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत त्या बोटीवरचं कोणी ना कोणी होतं. ते काही चक्रीवादळ नव्हतं, ऐन पावसाळ्यातला वारा आणि लाटा होत्या. पण त्यानंतर पावसात बोटीने जायचं नाव काढलं की घरातल्या बायका देव पाण्यात घालत.

दुसऱ्याच वर्षी, नोव्हेंबर १९४८ मध्ये, मुंबईवर मोठं चक्रीवादळ आलं. आजोबा त्याला 'दिवाळीनंतरचं' म्हणत. आमच्याकडे त्याचं शेपूट लागलं. झावळ्या गेल्या, घराची नळीची कौलं विस्कटली, पण वाडी उभी राहिली. तेव्हा वादळाची बातमी मिळण्याचं साधन म्हणजे बंदरावरचा बावटा. कितव्या नंबरचा बावटा लागला ते कोळीवाड्यातून गावात समजायचं. हिंदुस्थानचं हवामान खातं १८७५ मध्येच सुरू झालेलं होतं, पण त्याची वार्ता वाडीत शिंपणं करणाऱ्या माणसापर्यंत पोचायला कोळ्याचंच तोंड लागे.

अरबी समुद्रात वादळं होतात ती मुख्यतः दोन हंगामांत: पावसाच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. त्यातली बरीचशी वर गुजरातकडे नाहीतर पश्चिमेला ओमानकडे जातात. आमच्या किनाऱ्यावर नेमकं येणारं वादळ विरळा. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं, ते ऐन भातकापणीत. शेतात कापून पडलेलं भात भिजलं, कोंब आले, आणि रत्नागिरीकडच्या कोळ्यांची माणसं समुद्रावर गेली. वाडीवाल्यांना तेव्हा फार झळ पोचली नाही. 'वादळ कोळ्याचं आणि पाऊस शेतकऱ्याचा, वाडीला दोन्हीचं भय नाही', अशी एक समजूत घरोघरी होती.

ती समजूत ३ जून २०२० ला दुपारी मोडली.

त्या वर्षी गाव आधीच वेगळं झालं होतं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, पर्यटक बंद झाले, आणि मे महिन्यात मुंबईतली आमची माणसं पास काढून, कोणी चालत, कोणी टेम्पोतून गावी आली. शाळेत विलगीकरण, देवळाला कुलूप. २० मे ला तिकडे बंगालमध्ये अम्फान येऊन गेलं, ते आम्ही टीव्हीवर पाहिलं. १ जूनला अरबी समुद्रातला कमी दाब वाढल्याची बातमी आली, २ तारखेला त्याला 'निसर्ग' हे नाव मिळालं. बांगलादेशाने सुचवलेलं नाव. नव्या यादीतलं पहिलंच. ३ तारखेला सकाळी ते तीव्र चक्रीवादळ झालं. म्हणजे तयारीला हातात दोन दिवस.

दोन दिवसांत माणसं, गुरं आणि होड्या वाचवता येतात. वाडी उचलून कुठे ठेवणार? किनाऱ्याजवळच्या घरांतली माणसं शाळेत हलवली. आम्ही गुरं सोडली, कारण गोठा पडला तर दाव्याला बांधलेलं जनावर मरतं हे काकांचं म्हणणं. भाताचं बी, कागदपत्रं आणि तांदूळ माळ्यावरून खाली मधल्या खोलीत आणले. विहिरीवर फळ्या टाकल्या. घागरी, हंडे, बादल्या भरून ठेवल्या, कारण वीज जाणार हे नक्की होतं.

वादळाचा मध्य मुरूडच्या आसपास जमिनीवर चढला, म्हणजे आमच्या थोडा उत्तरेला. चक्रीवादळात मध्याच्या उजव्या हाताला वारा सगळ्यांत जोरदार असतो, कारण फिरणारा वारा आणि वादळाची स्वतःची चाल तिथे एकाच दिशेला होतात. दिवेआगर, श्रीवर्धन, म्हसळा, आणि खाडीपलीकडे मंडणगड-दापोलीचा किनारा या उजव्या हातात सापडला. ताशी शंभर ते एकशेदहा किलोमीटर, झोत एकशेवीसपर्यंत, असे हवामान खात्याचे आकडे आहेत.

सकाळी वारा आग्नेयेकडून होता. दहाच्या सुमाराला दक्षिणेचा झाला. पोफळी वाकत होत्या आणि परत येत होत्या. पोफळ वाकते, तिला वाकायची सवय आहे. पण तासभर एका बाजूने हलवून मुळं सैल झाल्यावर वारा फिरला आणि समुद्राकडून आला. मग त्या परत येईनात. मधल्या खोलीत आम्ही नऊ माणसं बसलो होतो. झाड पडल्याचा वेगळा आवाज येत नव्हता, सगळा एकच घरघराट होता, गिरणीत बसल्यासारखा. फक्त कौलं फुटल्याचं कळायचं. मधेच काका म्हणाले, "माड गेला," आणि पुन्हा गप्प झाले. त्यांना कसं कळलं कोण जाणे. पण विहिरीजवळचा माड खरोखरच गेला होता.

चारच्या पुढे वारा पडला. मागचं दार उघडेना, दारावर जायफळाची फांदी होती. ती तोडून बाहेर आलो तर पहिली गोष्ट दिसली ती समुद्र. आमच्या घरामागून समुद्र कधीच दिसत नसे. फक्त ऐकू येई.

दोनशे साठ पोफळींपैकी एकशे नव्वद पडल्या किंवा मधे मोडल्या. बावीस माडांपैकी सात. जायफळाची दोन्ही झाडं. मिरीचे वेल पोफळींबरोबर जमिनीवर. पुळणीवर वन खात्याने लावलेली सुरूची झाडं ओळीच्या ओळी आडवी झालेली. जी झाडं उभी होती त्यांची पानं पुढच्या चार दिवसांत तांबडी झाली, जणू कोणी पेटवून दिलीत. खाऱ्या पाण्याचे तुषार वाऱ्याने पार आतवर आणले होते.

वादळाची गोष्ट सांगणारे लोक इथे थांबतात. पण वादळ तर एका दिवसात संपलं. आमची गोष्ट ४ जूनला सुरू झाली.

पहिला प्रश्न डोक्यावरच्या छपराचा, कारण पाऊस दाराशी आलेला. जुन्या घरांची कौलं उडाली, पण वासे-रिपा बहुतेक जागेवर राहिल्या. कौलांच्या फटींतून वारा निघून जातो. पत्र्याच्या घरांचं उलट झालं. पत्र्याखाली वारा शिरला की तो सबंध छप्पर उचलतो. एका शेजाऱ्याचे पत्रे आमच्या वाडीत येऊन पडले, आणि आमच्या गोठ्याचा एक पत्रा आजतागायत कुठे गेला ते माहीत नाही. कौलं-पत्रे दोन्हींचा तुटवडा पडला. ताडपत्री मिळेना. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी पडलेल्या माडांच्या झावळ्या ओढून अंगणात झाप विणायला घेतले. झाप विणणं आमच्या पिढीत जवळजवळ बंद झालं होतं. काकी सत्तरीच्या, हात थरथरतो, पण झावळी हातात आली की बोटं आपोआप चालत होती. सुनांना सांगायच्या, "अगो, असं नव्हे, एक आड एक घे." त्या पावसाळ्यात आमचं स्वयंपाकघर झापांखाली होतं.

दुसरा प्रश्न पाण्याचा. विजेचे खांब शेताशेतांत आडवे. आमच्याकडे वीज यायला महिन्याहून जास्त लागला. विहीर भरलेली, पण पंप बंद. जुन्या काळी प्रत्येक विहिरीवर रहाट असे. बैल किंवा रेडा गोल फिरे, लोट्यांची माळ वर येई, पाणी पाटाने पोफळींना जाई. वीज आली तसे रहाट मोडले, लाकडं चुलीत गेली. रहाटाचे दगडी खांब मात्र अजून विहिरीवर आहेत, कपडे वाळत घालायला. शेवटी गावातल्या चौघांनी मिळून एक जनरेटर आणला आणि तो हातगाडीवर घालून घरोघर फिरवला. एका घरी वीस मिनिटं: तेवढ्यात टाकी भरायची आणि मोबाइल लावायचे. मोबाइलला रेंज नव्हतीच, पण टॉर्च म्हणून तो लागे.

तिसरा प्रश्न पडलेल्या झाडांचा. सगळ्यांत दमवणारा तोच. बाहेरच्यांना वाटतं, झाडं पडली, लाकूड मिळालं. पोफळीच्या खोडाला घेणारा कोण? त्याच्या रिपा निघतात, मांडवाचे खांब होतात, चिरून पन्हळी करता येतात. पण गावात प्रत्येकाकडेच शेकड्याने पडलेली, मग कोण कोणाकडून घेणार. माडाचं लाकूड चिरायला गिरणी नाही. आणि ते तसंच ठेवता येत नाही. माडाचं खोड कुजायला लागलं की त्यात गेंडाभुंगा अंडी घालतो, आणि तो भुंगा मग उभ्या माडांचे कोवळे कोंब खातो. सोंड्या भुंगाही मागोमाग येतो. म्हणजे वादळाने ठेवलेले पंधरा माड पुढच्या वर्षी भुंग्याने न्यायचे. कटर चालवणारी माणसं पनवेल-पुण्याकडून आली, त्यांनी दिवसाचा भाव सांगितला, आणि तो ऐकून पुष्कळांनी घरातली कोयती काढली. आम्ही आणि शेजारच्या दोन घरांनी माणसं एकत्र केली. दोन दिवस याच्या वाडीत, दोन दिवस त्याच्या. असं करत गणपतीपर्यंत वाट मोकळी झाली. त्या साली गणपती २२ ऑगस्टला बसले, मखर नाही, पाहुणे नाहीत. नैवेद्याला नारळ मात्र पडलेल्या माडांचेच होते. ढिगाने.

याच काळात पंचनामे झाले. मुख्यमंत्र्यांनी ५ जूनला अलिबागला येऊन रायगडसाठी शंभर कोटींची तातडीची मदत जाहीर केली. फळबागेला आधीच्या नियमाने हेक्टरी अठरा हजार मिळत, ते वाढवून पन्नास हजार केले, दोन हेक्टरपर्यंत. ऐकायला रक्कम मोठी. पण हेक्टर म्हणजे शंभर गुंठे धरले तर गुंठ्याला पाचशे रुपये. आमच्या अठरा गुंठ्यांना नऊ हजार. हेक्टरचा हिशेब नाशिकच्या द्राक्षाला चालेल, कोकणातल्या वाडीला चालत नाही. इथे माणूस गुंठ्यावर जगतो आणि झाडं मोजतो. ही ओरड झाल्यावर पुढे झाडामागे मदत ठरली: सुपारीला पन्नास रुपये, माडाला अडीचशे. त्या हिशेबाने आमचे अकरा हजार दोनशे पन्नास होत होते. एक पोफळ वर्षाला जे देते त्याच्या मानाने पन्नास रुपये म्हणजे काय, हे वाडीवाल्यांना सांगायला नको. तरी झाड मोजलं गेलं याचंच काकांना बरं वाटलं. ते मोजणाऱ्या मुलाबरोबर वाडीभर फिरले आणि पडलेल्या प्रत्येक झाडावर हात ठेवून म्हणाले, "ही धर. हीसुद्धा धर."

पैसे हातात यायची वाट त्याहून लांब होती. आमच्या सातबारावर अकरा नावं आहेत. आजोबांचे तीन मुलगे, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या आत्या, आत्यांची मुलं. त्यांतली दोन माणसं हयात नाहीत आणि एक परदेशात. सगळ्यांची संमतीपत्रं हवीत. कोकणात घरटी हीच कथा. वाडी कसणारा एक, आणि कागदावर दहा. एरवी हे कोणाला जाणवत नाही. दरवर्षी मे महिन्यात आंबा-फणसाबरोबर प्रत्येकाची सुपारीची पिशवी मुंबईला जाते आणि नाती चालू राहतात. वादळाने तो कागद उघडून सगळ्यांपुढे ठेवला.

आणि मग खरा प्रश्न आला. पुन्हा लावायचं की विकायचं?

आमच्या भागात जमिनीला भाव येऊ लागला तो पंचवीसेक वर्षांत. १९९७ साली दिवेआगरला सुपारीच्या वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला, लोक दर्शनाला येऊ लागले, आणि दर्शनाबरोबर समुद्र बघू लागले. घरगुती राहण्या-जेवणाची सोय झाली, मग मोठी बांधकामं. वादळाआधी वाडी विकणं लाजेचं मानत. उभी पोफळ कापायला कोणाचा हात होत नसे. आता कापायला काही उरलंच नव्हतं. सप्टेंबरमध्येच घेणारे फिरू लागले. मोकळी जागा, समुद्र दिसतो, कागद आम्ही बघतो, असं म्हणत.

दिवाळीत सगळे भाऊ जमलो. मुंबईचे दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठे, हिशेबी माणूस, पण वाईट नव्हे. त्यांनी पाटावर बसून शांतपणे मांडलं. "पोफळ आज लावली तर धरायला सहा-सात वर्षं, पुरतं उत्पन्न यायला दहा-बारा. माझं वय आज चौसष्ट. पोरं कोणी इथे येणार नाहीत. मग कोणासाठी लावायचं ते सांगा." त्यांची नोकरी संपली होती, टाळेबंदीत मुलाची सुटली होती, घराचे हप्ते चालू होते. त्यांचं चूक म्हणायला कोणाला तोंड नव्हतं.

काकांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "या पोफळी मी लावलेल्या नव्हेत. माझ्या बापाने लावल्या, त्यातल्या निम्म्या त्याने खाल्ल्या नाहीत. मी साठ वर्षं खाल्ल्या. मला देणं आहे ते मी देणार. तुम्ही तुमचं बघा."

रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं. आवाज चढले, वहिनींनी मधे चहा आणून उतरवले. शेवटी ठरलं ते असं: काकांचा आणि आमचा हिस्सा दहा वर्षं विकायचा नाही, जो राबेल त्याने उत्पन्न घ्यायचं, बाकीच्यांना पिशवीभर सुपारी. दादांच्या हिश्शाची सहा गुंठ्यांची पट्टी वेगळी करायची. ती २०२२ मध्ये विकली गेली. आज तिथे चार खोल्या आणि दगडी कुंपण आहे. दादा मे महिन्यात येतात ते आमच्याकडेच उतरतात. कुंपणाकडे बघत नाहीत, आम्हीही तो विषय काढत नाही. पण त्या कुंपणाने पावसाचं पाणी अडतं आणि दरवर्षी आम्हाला नवी चर खणावी लागते, हे इतिहास म्हणून लिहून ठेवलं पाहिजे.

उरलेल्या बारा गुंठ्यांत पुन्हा लागवड केली. तीही सरळ झाली नाही. सगळ्या किनाऱ्यालाच रोपं हवी होती, रोपवाटिकांत नंबर लागले. काकांनी मग वाट न बघता उभ्या राहिलेल्या पोफळींपैकी चांगल्या जुन्या पाच निवडल्या, त्यांची पिकलेली सुपारी झाडावरून काढून वाळूत घातली आणि कोंब आल्यावर पिशव्यांत भरली. सुपारीचं रोप लावणीला यायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

तेवढ्यात उभ्या झाडांना वाचवायचं होतं. आजूबाजूच्या पोफळी गेल्यामुळे त्यांच्या खोडांवर ऊन येऊ लागलं. प्रत्येकीला पश्चिम-दक्षिणेच्या बाजूने झावळ्या बांधल्या. कलंडलेले दोन तरणे माड दोर लावून सरळ केले, बुंध्याशी माती-रेती घट्ट बसवली, टेकू दिले. एक जगला. मोकळ्या जागेत आधी केळी लावल्या, कारण नव्या पोफळीला सावली देणारं सगळ्यांत लवकर वाढणारं झाड तेच.

केळी पुरुषभर उंच झाल्या आणि १६-१७ मे २०२१ ला तौक्ते आलं. ते किनाऱ्यापासून दूर, समुद्रातूनच वर गुजरातेत गेलं. दक्षिण कोकणात आंबा झाडून नेला. आमच्याकडे केळी आडव्या केल्या आणि चार माणसांची घरं पुन्हा उघडी केली. पिशव्यांतली रोपं आम्ही दोन दिवस आधी पडवीत घेतली होती. वर्षभरात दोन वादळं. 'वाडीला भय नाही' हे वाक्य त्यानंतर मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

आता वाडी लावताना काय बदललं, तेही सांगतो. कोणाला उपयोगी पडेल. पर्यटकांना समुद्र दिसावा म्हणून पुष्कळांनी केवडा तोडला होता. आमच्या आळीत ज्या वाड्यांच्या टोकाला केवडा आणि उंडीची जुनी झाडं होती तिथल्या पहिल्या रांगा कमी पडल्या, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. म्हणून टोकाला पुन्हा केवडा, त्याच्या आत उंडी. सुरू लवकर वाढतो पण वाळूत त्याचं मूळ धरत नाही, तो एकट्याने कामाचा नाही. सगळ्या पोफळी एकाच वयाच्या नकोत, म्हणून दरवर्षी तीस-चाळीसच लावल्या. काही रोपं कमी उंचीच्या 'मंगला' जातीची घेतली, पण मुख्य रांगा श्रीवर्धनीच्याच. गोठ्याचे पत्रे आता हुकांनी पक्के आहेत आणि वर दोर आडवे टाकून जमिनीत खुंट्यांना बांधतो, पावसाआधी. विहिरीवर जुन्या खांबांनाच एक हातरहाट बसवून घेतला. पोरं त्याला हसतात. त्यानंतर दोनदा वीज गेली तेव्हा पाणी त्यानेच दिलं. आणि सातबारा. हयात नसलेल्यांची नावं कमी करून वारसांची लावली. या एका कामाला लागवडीपेक्षा जास्त फेऱ्या झाल्या.

काही गोष्टी परत आल्या नाहीत. सुपारी काढणारा गडी आता प्रत्येक झाडावरून खाली उतरतो आणि दुसऱ्यावर चढतो, कारण झुलून पोचेल एवढ्या अंतरावर दुसरी पोफळ नाही. त्यामुळे त्याची मजुरी वाढली आणि दिवसाचं काम निम्म्यावर आलं. तो स्वतः पन्नाशीचा आहे. नव्या पोफळी झुलण्याइतक्या उंच होईपर्यंत तो चढणारा नसेल. त्याचा मुलगा गोरेगावला रिक्षा चालवतो. म्हणजे झाडं आली तरी झुलणारा माणूस येईलच असं नाही. दुपारी वाडीत जो गारवा असे, ज्यात गडीमाणसं जेवून पंचा पसरून झोपत, तोही अजून आलेला नाही. खंड्या परत आला. धनेश अजून नाही.

२०२५ चा पाऊस सरला आहे. नव्या-जुन्या मिळून दीडशेच्या आसपास पोफळी उभ्या आहेत. नव्यांपैकी सर्वांत थोरल्या चार वर्षांच्या झाल्या, त्यांची खोडं आता दिसू लागलीत, हिरवी, कडी पडलेली. सुपारी अजून एकीलाही नाही. केळीचे घड मात्र दर महिन्याला दोन-तीन जातात, आणि मिरी गेल्या वर्षी पायलीभर झाली. काका त्र्याऐंशीचे आहेत. पाट सोडायला सकाळी तेच जातात, हातात फावडं असतं ते आता निम्मं टेकायला. परवा दादांचा नातू आला होता, नऊ वर्षांचा. काकांनी त्याच्याकडून एक रोप लावून घेतलं आणि शेजारी खुंटी मारून तिला सुतळी बांधली. "तुझी ही," म्हणाले, "धरायला लागली की सांगतो." पोराने विचारलं, "कधी?" काकांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "तू दहावी पास झालास की बघायला ये."